शब्दचर्चा: युद्धकवितेतला ‘अपराधगंड’ की ‘सल’?

अनुस्वार: धरमपेठेतल्या आमच्या वाचनगटात या महिन्यात युद्धकविता वाचतोय, टिपण माझ्याकडे आलंय. सैनिकाच्या मनातल्या ‘गिल्ट’ला सगळीकडे ‘अपराधगंड’ लिहिलेलं दिसतं आणि ‘ट्रॉमा’ला ‘आघात’. दोन्ही खटकतात. काय लिहू?

ऱ्हस्वदीर्घ: ‘अपराधगंड’ नकोच. न्यूनगंड, अहंगंड यांच्या पंगतीतला शब्द तो. ‘गंड’ लागला की भावना अवास्तव आहे, मनाचा बिघाड आहे, असा निकाल आधीच लागतो. पहिल्या महायुद्धात लढलेल्या इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेनची ‘स्ट्रेंज मीटिंग’ ही कविता वाचा. भुयारातून नरकात उतरलेल्या सैनिकाला तिथे एक जण भेटतो आणि शेवटी सांगतो, काल तू भोसकलंस तो मीच. वर त्याला मित्र म्हणतो. यात गंड कुठे आहे? भोसकलं होतं, हे खरंच आहे.

‘आघात’ अपुरा, कारण तो क्षणाचा असतो. फौजी डॉक्टर चार्ल्स मायर्सनं १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आघाडीवर मन मोडलेल्या सैनिकांसाठी ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला, तेव्हाही अनेकांची नजर तोफगोळ्याच्या धक्क्यावरच होती. ओवेन १९१७ मध्ये एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात, म्हणजे शेल शॉक झालेल्या अधिकाऱ्यांच्या रुग्णालयात, राहिला. त्याच्या ‘मेंटल केसेस’मधल्या माणसांची मनं मेलेल्यांनी बळकावलेली आहेत. धक्का कधीच होऊन गेलाय.

सीताबर्डीकर: मग सरळ ‘पश्चात्ताप’ लिहा. ‘अशोक विजयादशमी’ म्हणजे कलिंगयुद्धानंतर सम्राट अशोकानं हिंसा सोडल्याची आठवण, हे दीक्षाभूमीच्या गावात कोणाला सांगावं लागत नाही. कलिंगात एक लाख मारले गेले, दीड लाख धरून नेले, असं अशोक तेराव्या शिलालेखात स्वतः सांगतो. आपल्याला जे वाटलं त्याला ‘अनुसोचन’, म्हणजे मागाहून होणारं दुःख, म्हणतो.

ऱ्हस्वदीर्घ: राजाला ते शोभतं. युद्ध न करणं त्याच्या हातात होतं. पश्चात्तापाला मुळात तसा पर्याय लागतो, आणि पुढे प्रायश्चित्ताची वाट लागते. साध्या शिपायाकडे बहुधा दोन्ही नसतं. त्यानं हुकूम पाळला, कायद्यानं गुन्हा नाही, मग माफी मागायची कोणाकडे? कलिंगात ज्यांनी तलवारी चालवल्या त्यांची एक ओळ कुठल्या खडकावर नाही. (तसा धौली आणि जौगडला, म्हणजे खुद्द कलिंगात, तेरावा लेखही कोरलेला नाही. ज्यांना मारलं त्यांच्या दारात राजालाही ते बोलवलं नसावं, असं मला वाटतं.)

कामठी रोड: काहून बावा एवढं संस्कृत? ‘सल’ म्हणा ना. माझे मोठेबाबा फौजेतून रिटायर झाले. लढाईच्या गोष्टी रंगवून सांगतात, पण एका रात्रीपाशी आले की तंबाखूची डबी काढतात. आजी म्हणायची, “त्याच्या मनात सल हाये, इचारू नको.”

ऱ्हस्वदीर्घ: हाच शब्द! ‘शल्य’वरून आलेला. शल्य म्हणजे अंगात रुतून राहिलेलं बाणाचं टोक. वरून कातडी धरते, आत टोक तसंच. लढाईतूनच मराठीत आलेला शब्द हाताशी असताना आपण ‘गंड’ घेऊन बसलोय.

अनुस्वार: तो सल की ती सल?

ऱ्हस्वदीर्घ: दोन्ही लिहितात. टिपणात एकच ठेवा.

सीताबर्डीकर: ‘अश्वत्थाम्याची जखम’ का नको? सगळ्यांना कळतं.

अनुस्वार: आजचा इंग्रज कवी सायमन आर्मिटेजची ‘रिमेन्स’ ही कविता आहे ना, तिथे ते बसत नाही. बँक लुटणाऱ्यांपैकी एकावर तिघं सैनिक गोळ्या झाडतात. त्याच्याकडे हत्यार असेल, नसेलही. रजेवर घरी आल्यावरही सैनिकाची त्या ‘असेल-नसेल’मधून सुटका होत नाही. अश्वत्थाम्याला आपण झोपलेल्यांना मारलं हे पक्कं ठाऊक आहे. शिवाय त्याची जखम शापाची, सगळ्यांना दिसणारी. त्याला दारोदार तेल तरी मागता येतं.

कामठी रोड: पण भाऊ, लग्नात मानपान राहिला त्याचाही सल असतेच की. शब्द हलका नाही का पडणार?

ऱ्हस्वदीर्घ: पडेल, म्हणून एकटा वापरू नका. ‘मारल्याचा सल’ आणि ‘वाचल्याचा सल’ असं फोडून लिहा. कवितांमध्ये हे दोन वेगळे आहेत, ‘अपराधगंडा’त ते एकाच गाठोड्यात जातात. ओवेनसारखाच सैनिक-कवी सिगफ्रिड ससून, त्याची ‘सर्व्हायव्हर्स’ ही कविता दुसऱ्या प्रकारची, तीही १९१७ ची, क्रेगलॉकहार्टचीच. त्यातल्या पोरांना छळतात ते त्यांचेच मेलेले मित्र, शत्रू नव्हेत.

अनुस्वार: फोडूनच लिहिते. ‘आघात’ फक्त स्फोटापुरता ठेवते.