लेकीचं नाव 'सई' ठेवतोय, इंग्रजी स्पेलिंग काय करू?

मंडळी, मदत हवी आहे. येत्या रविवारी लेकीचं बारसं. नाव ठरलंय, सई. घोडं अडलंय ते इंग्रजी स्पेलिंगवर.

नाव मला कॉलेजपासून मनात बसलेलं. संस्कृतातली सखी प्राकृतात 'सही' झाली ('लिख्'चं 'लिहिणे' झालं तसाच ख चा ह) आणि मराठीत तो ह ही गळून उरली सई. जात्यावरच्या ओव्यांतून 'सयांनो' म्हणून हाका मारतात ती हीच. शिवाय सईबाई, फलटणच्या निंबाळकरांची लेक, संभाजीराजांच्या आई, १६५९ साली राजगडावर गेल्या.

सासूबाईंचं म्हणणं, "ही हाक झाली गं, नाव कुठाय?" त्यांना वाटतं हे हल्लीचं फॅड. सई परांजपे १९३८ च्या, असं सांगितल्यावर जरा गप्प झाल्या. मावससासूबाईंच्या गावी सहीलाच सई म्हणतात. पाळण्यात डोकावून म्हणतात कशा, "धाकटीचं नाव अंगठा ठेवा मग!"

खरी गोची पुढे आहे. आम्ही राहतो हैदराबादला. एस-ए-आय लिहिलं की इथे सरळ 'साई' वाचतात, आणि साई नावाचे मुलगे गल्लोगल्ली. परवा लसीच्या वेळी नर्सने नाव विचारलं, कागदावर एस-ए-आय लिहिलं, आणि मुलीच्या कपाळावरचं एवढं मोठं काजळाचं बोट दिसत असूनही विचारलं, "बाबू, ना?" बाबू म्हणजे मुलगा.

एस-ए-ई-ई केलं, तर अमेरिकेतली नणंद म्हणते तिकडे 'सी' वाचतील. एस-ए-वाय-ई-ई मला बघवत नाही, उगाच लांबवल्यासारखं वाटतं.

जन्मनोंदीत नाव नंतरही घालता येतं, वर्षाच्या आत फी पण नाही, म्हणून अजून कुठे लिहिलेलं नाही. पण एकदा चढलेलं स्पेलिंग आधारपासून दहावीच्या मार्कलिस्टपर्यंत पाठ सोडत नाही. माझ्या स्वतःच्या नावाची दोन स्पेलिंगं आहेत, पासपोर्टच्या वेळी प्रतिज्ञापत्र करत बसले होते.

तर ज्यांच्या घरी सई आहे (किंवा जी स्वतःच सई आहे!), तुम्ही कोणतं स्पेलिंग ठेवलंत? आणि महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदा नाव वाचणारा काय म्हणून हाक मारतो?