श्यामची आई २० मिनिटांत कशी बसवायची?

मुक्ता_लष्कर: आमच्या ग्वाल्हेरच्या मंडळातली मुलं यंदा नाटकाऐवजी श्यामची आईवर छोटी फिल्म करणारेत, पटकथा माझ्याकडे आलीय. पुस्तकात ४२ रात्री, आश्रमात मोठा श्याम मित्रांना गोष्ट सांगतोय. ते सांगणं ठेवू की सरळ लहानपणापासून सुरू करू? आणि परवानगी लागते का कुणाची?

अनिलकाका: पुस्तकासाठी नाही लागत गं. साने गुरुजी १९५० ला गेले, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो, तो २०१० अखेर संपला. पण अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमातले संवाद मात्र उचलू नका, अत्रे १९६९ ला गेले म्हणजे हिशोब कर. आणि त्यात आई झालेल्या वनमालाबाई आपल्या ग्वाल्हेरात वाढलेल्या, हे मुलांना नक्की सांग, मला फार अभिमान वाटतो.

रेवा: सांगणं ठेवाच! आई गेल्यावर मोठा झालेला श्याम बोलतोय म्हणून तर गळा दाटतो, ते काढलं की नुसते संस्काराचे धडे उरतात. प्रसंग दोनच घ्या, मारून पोहायला धाडणारी आई आणि पायाला माती लागू नये म्हणून लुगडं पसरणारी आई, दोन्ही एकच बाई आहे हे दिसलं की झालं.

मुक्ता_लष्कर: मारणं आजच्या पालकांना चालेल?

रेवा: ठेव गं, पण मार दाखवू नकोस, नंतर तिचा चेहरा दाखव. आणि मुलाला खरंच विहिरीत उतरवू नका, धप्प आवाज आणि काठावरची पोरं पुरेत.