रेडिएशननंतर पांढऱ्या पेशी वाढतच नाहीयेत, इंजेक्शन देऊनसुद्धा. कृपया लवकर सांगा

कोरापान
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. उंदरांना रेडिएशन दिलं, दुसऱ्या दिवसापासून ग्रोथ फॅक्टरचं (रक्तपेशी वाढवणाऱ्या प्रथिनाचं) इंजेक्शन रोज चालू केलं, पाचव्या दिवशी रक्त तपासलं. औषध दिलेला गट आणि नुसतं सलाइन दिलेला गट, दोन्हींचा डब्ल्यूबीसी काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींची संख्या, तळाला. काडीचाही फरक नाही! औषध फ्रीजमध्येच होतं, मुदतही संपलेली नाही. गाइड म्हणतात, पुढच्या बॅचला डोस दुप्पट करू. मला ते पटत नाही. जिवंत जनावरं आहेत, कारण न कळता आणखी कशाला मारायची? पुढची बॅच सोमवारी आहे. कुठे अडलंय ते कुणी सांगेल का?

सूक्ष्मदर्शी
रेडिएशनचा डोस किती ग्रे? उंदरांचा स्ट्रेन, म्हणजे वाण कुठला? कुठला ग्रोथ फॅक्टर? हे तिन्ही सांगितल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही.

भौतिकी
आणि सोर्स कोणता ते पण. गॅमा की एक्स-रे? डोस रेट काय होता? पिंजऱ्यात एकमेकांवर बसलेले उंदीर असतील तर प्रत्येकाला सारखा डोस पोचतच नाही. जीवशास्त्रवाले ग्रेचा आकडा लिहितात आणि तो मोजला कसा ते कधीच लिहीत नाहीत. आधी डोसिमेट्री, म्हणजे पोचलेल्या डोसचं मोजमाप, मग बाकीचं.

कोरापान
5 ग्रे, एकदाच, संपूर्ण शरीराला. गॅमा, सीझियम. एकेक उंदीर वेगळ्या कप्प्यात. स्ट्रेन सी57 ब्लॅक 6. ग्रोथ फॅक्टर म्हणजे सीएसएफ (कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर), दुसरा कोणता असणार?

सूक्ष्मदर्शी
सीएसएफ एक नाही हो. जी-सीएसएफ वेगळा, जीएम-सीएसएफ वेगळा, एम-सीएसएफ वेगळा. बाटलीवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

निळीशाई
त्याआधी माझा प्रश्न. डिफरन्शियल केलंत का, म्हणजे कुठल्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी किती ते वेगळं मोजलंत का? की मशीनने दिलेला एकूण आकडा घेऊन बसलात?

उंदराचं रक्त माणसासारखं नसतं. आपल्या पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल, त्यांच्यात 70-80 टक्के लिम्फोसाइट. आणि लिम्फोसाइट ही रेडिएशनला सगळ्यात हळवी पेशी. बाकीच्या बहुतेक पेशी विभाजन करायला जातात तेव्हा मरतात, ही जागच्या जागी, काही तासांत, स्वतःच मरणाचा कार्यक्रम चालू करते. 5 ग्रेला दिवसाभरात त्या जवळपास साफ. म्हणजे तुमचा एकूण काउंट कोसळला तो मुख्यतः लिम्फोसाइटमुळे, आणि सीएसएफ काही लिम्फोसाइट वाढवत नाही. समजा सलाइन गटात मायक्रोलिटरला 100 न्यूट्रोफिल आहेत आणि औषधाच्या गटात 250. अडीचपट फरक! पण एकूण आकडा पाचसहाशेच्या घरात असताना एवढा फरक मशीनच्या चुकीत बुडून जातो.

पशुवैद्य_७२
निळीशाई यांचं बरोबर आहे, पण ताण विसरू नका. हाताळणी, रोजची सुई, पिंजरा बदलणं, या सगळ्याने कॉर्टिसोन जातीची संप्रेरकं वाढतात. मग लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल खाली, न्यूट्रोफिल वर. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात. कुत्र्यांच्या रिपोर्टमध्ये हे चित्र मी कायम बघतो. यातलं बरंचसं ताणाचंच असणार.

निळीशाई
ताणाने दोन्ही गट सारखेच बदलतील, कारण सलाइनवाल्यांनाही रोज सुई आहेच. कंट्रोल ठेवायचा तो त्यासाठीच. आणि ताणाने लिम्फोसाइट कमी होतात, नाहीसे होत नाहीत.

पशुवैद्य_७२
मान्य. तरी डोस दुप्पट करण्यावर माझा अनुभव सांगतो. माणसाचा जी-सीएसएफ कुत्र्याला दिला की पहिले काही दिवस न्यूट्रोफिल झपाट्याने चढतात. मग काही आठवड्यांनी कुत्र्याचं शरीर त्या परक्या प्रथिनाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, आणि त्या अँटिबॉडी कुत्र्याच्या स्वतःच्या जी-सीएसएफलाही निकामी करतात. काउंट आधीपेक्षा खाली. म्हणून मी ते जपून वापरतो.

रक्तसेवा
इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगावीशी वाटते. रक्त देण्याआधी पिशवीला रेडिएशन देतात ते रुग्णाला धोकादायक नसतं. पिशवीच्या मध्यभागी 25 ग्रे पोचतील असं बघतात, म्हणजे त्यातल्या दात्याच्या लिम्फोसाइट विभाजन करू शकत नाहीत आणि अशक्त रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. लाल पेशींना केंद्रकच नसल्यामुळे त्या तगतात. पोटॅशियम मात्र जास्त झिरपतं, म्हणून असं रक्त फार दिवस ठेवत नाहीत. नातेवाईकांनी घाबरू नये.

कोरापान
माहिती चांगली आहे, पण माझे उंदीर जिवंत आहेत, पिशवीत नाहीत. माझ्या प्रश्नावर या ना कुणीतरी.
डिफरन्शियल केलेलं नाही. स्लाइड काढून मिथेनॉलमध्ये फिक्स करून ठेवल्यात, रंगवल्या नाहीत. आणखी एक, हिमोग्लोबिनही चांगलंच उतरलंय, दोन्ही गटांत. तेही रेडिएशनमुळेच ना?

रानवारा
पक्ष्यांवर काम करा असं सुचवेन. त्यांच्या लाल पेशींना केंद्रक असतं, प्लेटलेटच्या जागी केंद्रक असलेले थ्रॉम्बोसाइट असतात, न्यूट्रोफिलच्या जागी हेटेरोफिल. माशांत तर रक्त मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात तयार होतं. उंदीर म्हणजेच प्राणी असं सगळे धरून चालतात.

सूक्ष्मदर्शी
रानवारा, यावर वेगळा धागा काढा, मी येईन. इथे नको.

कोरापान, हिमोग्लोबिनचं रेडिएशनवर ढकलू नका. उंदराची लाल पेशी साधारण 40 दिवस जगते. हाडांच्या मज्जेतलं उत्पादन पूर्ण थांबलं तरी पाच दिवसांत आठवा हिस्साच कमी व्हायला हवा. त्याहून जास्त उतरलं असेल तर रक्त कुठेतरी जातंय. किती वेळा काढलंत आणि किती?

कोरापान
रेडिएशनच्या आदल्या दिवशी, मग पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी. त्याच उंदरांकडून. दर वेळी साधारण 0.15 मिली.

सूक्ष्मदर्शी
25 ग्रॅमच्या उंदरात सगळं मिळून 2 मिलीच्या आत रक्त. तुम्ही त्यातलं जवळपास तिसरा हिस्सा काढून घेतलंत. हिमोग्लोबिन त्यानेच उतरलंय. आणि या रक्तस्रावाने मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन (लाल पेशी वाढवणारं संप्रेरक) वाढणार, म्हणजे तुम्ही न दिलेला आणखी एक रासायनिक संदेश मज्जेपर्यंत पोचतोय. प्रत्येक दिवसासाठी वेगळे उंदीर ठेवा, नाहीतर शेपटीतून अगदी थोडं घ्या. पण जागा बदलू नका. शेपटीच्या रक्तात पांढऱ्या पेशी हृदयातून काढलेल्या रक्तापेक्षा जास्त दिसतात.

निळीशाई
रक्तापेक्षा प्लीहा बघा असं माझं मत. उंदराची प्लीहा मोठेपणीही रक्त तयार करते. टिल आणि मॅकलॉक या संशोधकांनी 1961 मध्ये दाखवलं ते यावरच. उंदरांना घातक डोस दिला, मज्जेच्या पेशी टोचल्या आणि प्लीहेवर उमटलेल्या गाठी मोजल्या. पुढे एकेक गाठ एकेका पेशीतून आल्याचंही सिद्ध झालं. मज्जेत किती मूळ पेशी वाचल्यात हे रक्त सांगतच नाही.

सूक्ष्मदर्शी
प्लीहेसाठी उंदीर मारावा लागतो. त्यांना तेच टाळायचंय. बाटलीचं काय झालं?

कोरापान
घ्या. "रिकॉम्बिनंट ह्युमन जीएम-सीएसएफ". पुरवठादाराच्या माणसाने फोनवर सांगितलं होतं, सगळ्या सस्तन प्राण्यांत चालतं.

सूक्ष्मदर्शी
इथेच अडलंय सगळं. माणसाचा जीएम-सीएसएफ उंदराच्या पेशींवर काम करत नाही. रिसेप्टरशी तो जुळतच नाही. माणसाच्या आयएल-3 (इंटरल्यूकिन-3, असाच आणखी एक ग्रोथ फॅक्टर) चंही तसंच. माणसाचा जी-सीएसएफ मात्र उंदरात व्यवस्थित चालतो, एरिथ्रोपोएटिनही चालतं. म्हणून लोकांचा गोंधळ होतो. एक चाललं म्हणजे दुसरंही चालेल असं धरतात. डोस दुप्पट काय, दसपट केलात तरी तुमचा औषधाचा गट सलाइनचाच गट राहणार.

पशुवैद्य_७२
हे पटलं. सस्तन प्राण्यांचा मुद्दा कुठून आला असेल तेही सांगतो. माणसाचा जीएम-सीएसएफ माकडांत चालतो. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या संस्थेने) रेडिएशनच्या आजारावर 2015 मध्ये जी-सीएसएफ आणि 2018 मध्ये जीएम-सीएसएफ मंजूर केला, तो मुख्यतः माकडांवरच्या प्रयोगांच्या आधारे, कारण माणसांना मुद्दाम रेडिएशन देऊन बघता येत नाही. पण माकडात चाललं म्हणून उंदरात चालेल असं नाही.

कोरापान
राग येतोय खूप. एवढे उंदीर गेले आणि कुणालाच हे माहीत नव्हतं. गाइडना आत्ताच मेल करते. सोमवारची बॅच थांबवते. आता उंदराचा जीएम-सीएसएफ मागवू की माणसाचा जी-सीएसएफ?

निळीशाई
प्रश्न काय आहे त्यावर ठरेल. न्यूट्रोफिल लवकर परत आणायचे असतील तर जी-सीएसएफ. मोनोसाइट, मॅक्रोफेज हवे असतील तर उंदराचा जीएम. आणि पाचव्या दिवशी थांबू नका, दोन-तीन आठवडे बघा. हे ग्रोथ फॅक्टर नव्या पेशी शून्यातून उभ्या करत नाहीत, वाचलेल्या पूर्वज पेशींना लवकर वाढायला लावतात. त्या पिकून रक्तात यायला वेळ लागतो. लिम्फोसाइटची वाट तर त्याहून लांब.

भौतिकी
काही उंदरांना रेडिएशन न देता फक्त औषध द्या. त्यांच्यात न्यूट्रोफिल वाढले तर औषध काम करतंय हे आधीच कळेल, आणि रेडिएशनवाले उंदीर वाया जाणार नाहीत.

सूक्ष्मदर्शी
भौतिकी यांचं ऐका. हे सगळ्यात आधी करा, थोडे उंदीर पुरतात. औषध आणि वेळापत्रक बदलतंय, तर प्राणी नीतिसमितीची परवानगीही घ्या.
जुन्या स्लाइड फेकू नका. फिक्स केल्या आहेत ना, मग गिम्साने छान रंगतील. काउंट कमी असल्यामुळे शंभर पेशी भरायला वेळ लागेल, कडांपर्यंत शोधा. उंदराच्या न्यूट्रोफिलचं केंद्रक बऱ्याचदा कड्यासारखं गोल दिसतं, मधे भोक. त्याला मोनोसाइट समजू नका.

कोरापान
पहिल्या दिवसाच्या काही स्लाइड रंगवल्या. लिम्फोसाइट जवळजवळ नाहीतच. दिसतात ते बहुतेक कड्यासारखे न्यूट्रोफिल, दोन्ही गटांत. आदल्या दिवसाच्या स्लाइडवर मात्र लिम्फोसाइटच लिम्फोसाइट. तिसऱ्या-पाचव्या दिवसाच्या उद्या करते.

निळीशाई
तिसऱ्या-पाचव्या दिवशी न्यूट्रोफिलही कमी झालेले दिसतील, दोन्ही गटांत सारखेच. पहिल्या दिवशीचे ते भिंतींवरून आणि मज्जेच्या साठ्यातून आलेले जुने आहेत, नवे तयार झालेले नाहीत. टक्केवारी लिहू नका, एकूण काउंटने गुणून मायक्रोलिटरमधला आकडा काढा आणि इथे टाका.