प्रसूतीत बाळाला इजा: दोष शोधायचा की आधी भरपाई द्यायची?

अवधूत_न
मुद्दा थेट मांडतो. प्रसूतीच्या वेळी मेंदूला इजा होऊन सेरेब्रल पाल्सी (हालचालींवरचा ताबा बिघडणारं कायमचं अपंगत्व) झालेल्या मुलासाठी आपल्याकडे एकच वाट आहे: डॉक्टरचा हलगर्जीपणा सिद्ध करा आणि भरपाई मिळवा. ही वाट चुकीची आहे. जपानने जानेवारी 2009 पासून दोषाविना भरपाई सुरू केली. मूल निकषात बसलं की 3 कोटी येन मिळतात: 60 लाख सुरुवातीला आणि पुढे वीस वर्षं दरवर्षी 12 लाख. डॉक्टर चुकला का, हा प्रश्न पैसे देताना विचारलाच जात नाही. पैशाची सोयही साधी होती. दर प्रसूतीमागे रुग्णालयाने 30,000 येन हप्ता भरायचा आणि सरकारने बाळंतपणाचं अनुदान तेवढ्याने वाढवायचं.

आपल्याकडे 2019 च्या ग्राहक कायद्याचं कलम 38 तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत, निकाल द्यायला सांगतं. प्रत्यक्षात काय होतं? चेन्नईतल्या एग्मोरच्या सरकारी रुग्णालयात 1996 साली 29 आठवड्यांचं बाळ जन्मलं. मुदतपूर्व बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली नाही आणि दृष्टी गेली. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. कृष्णकुमार प्रकरणात सुमारे 1 कोटी 80 लाख दिले, ते 2015 मध्ये. तोवर मूल अठरा वर्षांचं झालं होतं. ज्या वयात थेरपीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, ते वय कोर्टाच्या तारखांमध्ये गेलं.

कलम_69
असहमत. निकालाला उशीर लागतो म्हणून उत्तरदायित्वच काढून टाकायचं, हा कुठला न्याय? निम्मे दावे मुळात लावताना बिघडतात.

ग्राहक आयोगाची हद्द आता मागितलेल्या भरपाईवर नाही, मोजलेल्या बिलावर ठरते. 2021 च्या नियमांनुसार 50 लाखांपर्यंत मोबदला असेल तर जिल्हा आयोग. म्हणजे 90 हजारांच्या सिझेरियनवरून 2 कोटींचा दावाही जिल्ह्यातच लागतो आणि पालक राहतात त्या जिल्ह्यात लावता येतो. फीदेखील मोबदल्यावर, 5 लाखांपर्यंत शून्य. दिवाणी कोर्टात मूल्यानुसार कोर्ट फी भरून पाहा, मग या सोयीची किंमत कळेल.

कागद पहिल्या आठवड्यात मागा. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार अर्ज केल्यापासून 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपाव्या लागतात. अर्जात फक्त 'डिस्चार्ज कार्ड' लिहू नका. पार्टोग्राफ (कळांच्या प्रगतीचा तक्ता), सीटीजीची (बाळाचे ठोके आणि कळा नोंदणाऱ्या यंत्राची) मूळ पट्टी, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, भूलीची नोंद, संमतिपत्र आणि एनआयसीयूचा (नवजात अतिदक्षता विभागाचा) केसपेपर, सगळं नाव घेऊन मागा. सीटीजी थर्मल कागदावर असते, ती काही महिन्यांत फिकट होते. लगेच स्कॅन करून घ्या.

तक्रारीची मुदत दोन वर्षं. मूल बसत नाही, मान धरत नाही हे लक्षात यायलाच वर्ष जातं, म्हणून 'कळल्यापासून मोजा' असा युक्तिवाद होतो. तो नेहमी चालत नाही. श्रीखंडे विरुद्ध अनिता फर्नांडिस या सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 च्या निकालात गोव्यातल्या परिचारिकेची तक्रार मुदतबाह्य ठरली. शस्त्रक्रियेनंतर वर्षानुवर्षं दुखत असताना, स्वतः वैद्यकीय क्षेत्रात असून चौकशी का केली नाही, असं न्यायालयाने विचारलं.

स्त्रीरोग_सोलापूर
कलमदादा, कागद मिळवणं सोपं, ते वाचणं अवघड. सीटीजीवर बाळाचे ठोके मिनिटाला 110 ते 160 मध्ये नसले की 'बाळ गुदमरलं' असा निष्कर्ष लगेच काढला जातो. भलत्या पट्टीनंतरही रडत जन्मलेली बाळं आम्ही रोज पाहतो.

खरा दोष बहुधा दोनच ठिकाणी सापडतो. एक, ऑक्सिटोसिन, म्हणजे कळा वाढवायचं औषध. 500 मिली सलाइनमध्ये 5 युनिट घालून पंपाविना, थेंब मोजून चालवायचं आणि दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येत असूनही बंद करायचं नाही. दोन, ऐकणंच नाही. सीटीजी नसेल तर पहिल्या टप्प्यात 15 ते 30 मिनिटांनी आणि दुसऱ्यात दर 5 मिनिटांनी ठोके ऐकून लिहायला हवेत. रात्री 11 ते पहाटे 4 नोंदच नाही आणि सकाळी सगळ्या वेळा एकाच शाईत, एकाच हाताने भरलेल्या, हे वकील नंतर अर्ध्या मिनिटात पकडतो.

तरीही मी अवधूतशी अर्धा सहमत आहे. दावा दिवाणी असतो तोवर ठीक, पण इथे आधी पोलीस येतात. सर्वोच्च न्यायालयाचा जेकब मॅथ्यू निकाल 2005 चा: दुसऱ्या सक्षम डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका असं स्पष्ट सांगितलंय. तरी मार्च 2022 मध्ये राजस्थानात दौसाला प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने रुग्ण गेली आणि डॉक्टरवर थेट खुनाचं कलम लागलं. त्या डॉक्टरने आत्महत्या केली. ही भीती असताना नोंदी खऱ्या लिहिल्या जाणार नाहीत.

नवजात_एनआयसीयू
कारणाचा पुरावा हाच सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. प्रसूतीतल्या गुदमरण्यामुळे सेरेब्रल पाल्सी झाली असं म्हणायला नाळेच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच 7.0 च्या खाली, बेस डेफिसिट (रक्तातल्या आम्लतेचं आणखी एक माप) 12 किंवा जास्त, पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला एपगार (जन्मल्यावर बाळाच्या स्थितीला दिलेले गुण) 5 पेक्षा कमी आणि एमआरआयवर बेसल गँग्लिया-थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागांतल्या इजेचा ठरावीक नमुना लागतो. यातली नाळेच्या रक्ताची तपासणी, म्हणजे 'नाळेचा गॅस', छोट्या नर्सिंग होममध्ये जवळपास कधीच होत नाही. खरंतर नाळेच्या तुकड्याला दोन्हीकडून क्लॅम्प लावून ठेवला तर खोलीच्या तापमानाला तासभर नमुना चालतो. मशीन शेजारच्या हॉस्पिटलात असलं तरी पुरे.

आणि 'कूलिंग केलं नाही' म्हणून दावा लावू नका. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या हेलिक्स चाचणीत (2021) बाळाला थंड ठेवण्याने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही. मृत्यू वाढले.

कलम_69
तज्ज्ञमत दरवेळी लागतंच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या व्ही. किशन राव (2010) निकालाने ते स्पष्ट केलंय. पण मेंदूच्या इजेत तज्ज्ञाविना गेलात तर हरलात म्हणून समजा. अवधूत, तुमच्या योजनेचे पैसे कोण देणार? देशात वर्षाला सुमारे 2.3 कोटी जन्म. सेरेब्रल पाल्सीचा ढोबळ दर हजारी 2 धरला तरी 46,000 मुलं. त्यांतली चौथाई निकषात बसली आणि प्रत्येकी 50 लाख दिले, तर 5,750 कोटी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) सुमारे 62 टक्के प्रसूती सरकारी संस्थांत होतात. म्हणजे बहुतेक भार सरकारवरच.

अवधूत_न
तुमचंच गणित दर प्रसूतीमागे लावा: 2,500 रुपये. खासगी एनआयसीयूत एक दिवस तरी भागतो का त्यात? आणि आज त्या 62 टक्क्यांना काय आहे? जिथे सगळ्यांनाच सर्वस्वी मोफत सेवा मिळते, तिथला रुग्ण सर्वोच्च न्यायालयाच्या शांता निकालानुसार (1995) ग्राहकच नाही. तुमचा स्वस्त जिल्हा आयोग त्याच्यासाठी बंद. उरतं दिवाणी कोर्ट.

स्त्रीरोग_सोलापूर
एक शंका. पैसे मिळाले की चौकशी थांबणार. मग ऑक्सिटोसिन पंपाविना चालूच राहील.

अवधूत_न
जपानात भरपाई आणि चौकशी दोन्ही होतात. प्रत्येक मंजूर प्रकरणात कारणांचा अहवाल तयार होतो, पालक आणि रुग्णालय दोघांनाही मिळतो, आणि नावं वगळून सारांश जाहीर होतो. दाव्याचा हक्कही जात नाही. पुढे हलगर्जीपणा सिद्ध झाला तर योजनेची रक्कम त्यात वळती होते. अमेरिकेत व्हर्जिनिया (1987) आणि फ्लोरिडाने (1988) उलट केलं: योजनेत आलात की बहुतांशी कोर्टाचं दार बंद. मला जपानचा नमुना हवा.

कलम_69
दार उघडं राहणार असेल तर माझा अर्धा विरोध मागे. उरलेला निकषांवर. जपान जन्मजात कारणं वगळतं. आपल्याकडे नाळेचा गॅस नाही, एमआरआय वेळेवर नाही. मग जन्मजात की प्रसूतीतलं, हे कोणत्या कागदावरून ठरवणार? त्यावर पुन्हा भांडणच.

नवजात_एनआयसीयू
म्हणून आधी नाळेचा गॅस सक्तीचा करा, योजना मागून येऊ दे.