दोघांनीच बेटावर विसाव्याला जाताना : गोव्यातील अनुभव

लग्नसराई आटोपली की ओळखीच्या मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. दोघांनाच तीन-चार दिवस निवांत राहायचे आहे, पाणी हवे, झाडी हवी, गर्दी नको; तर कुठे जावे? गोव्यात राहणाऱ्यांनी हे विचारावे याचे बाहेरच्यांना नवल वाटते. पण ज्या किनाऱ्यांसाठी देशभरातून माणसे येतात ते किनारे आपल्या रोजच्या वाटेवरचे असतात, आणि कळंगुटला किंवा मिरामारला गेले की कोणीतरी शेजारी, विद्यार्थी किंवा मामेसासरे भेटतातच. म्हणून हा धागा काढला आहे. मांडवीच्या पात्रात दिवाडी, चोडण, वांशी, सांत इस्तेव आणि कुंभारजुवे अशी बेटे आहेत. त्यांपैकी एखाद्यावर, किंवा दूरच्या एखाद्या उष्ण कटिबंधीय बेटावर, आपण जोडीने राहिला असाल तर तो अनुभव येथे लिहावा. ठिकाणाची स्तुती थोडकी असली तरी चालेल. राहण्याची जागा कशी निवडली, कोणता मोसम साधला, दिवस कसा आखला आणि मुद्दाम काय वगळले हे मात्र सविस्तर यावे. माझे स्वतःचे मत असे की, अशा सहलीत एकच बेट आणि एकच खोली धरावी. रोज सामान बांधायचे असेल तर विसाव्याचे नाव घेऊ नये.

ताळगाव येथून

माझे यजमान मालवाहू जहाजावर इंजिन विभागात काम करतात आणि करार संपला की सुट्टीवर घरी येतात. घरी आल्यावर पाहुण्यांची रीघ, बँकेची कामे, छपराची डागडुजी आणि साऱ्यांच्या घरची जेवणे यांत सुट्टी कधी संपते ते कळत नाही, आणि निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना आमच्या लक्षात येते की आपण दोघे स्वस्थपणे बोललोच नाही. गेल्या खेपेला मी आधीच ठरवले की काही दिवस बाजूला काढायचेच. मी मालदीवची माहिती गोळा करू लागले होते, कारण पाण्यात खांबांवर उभ्या केलेल्या त्या खोल्यांची छायाचित्रे पाहून मला भुरळ पडली होती. त्यांना ती दाखवली तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, "समुद्र नको. पलीकडची जमीन दिसेल असे पाणी बघ." ज्या माणसाने महिनोन्महिने क्षितिजाखेरीज काही पाहिलेले नाही, त्याला निळ्या समुद्राचे काय अप्रूप असणार, हे मला त्या क्षणी कळले.

आम्ही दिवाडी निवडले. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरले की धक्का येतो आणि फेरीबोट काही मिनिटांत पलीकडे पोहोचवते. जागा निवडताना मी फोनवर ठरवून काही गोष्टी विचारल्या : खोलीला स्वतंत्र दार आहे का, बलकांवात, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओट्यावर, बसल्यावर समोर रस्ता दिसतो की शेत, वीज गेली तर पंखा चालतो का, आणि नाश्ता उशिरा मिळेल का. पोहण्याच्या तलावाची चौकशी मी केली नाही. पिएदाद गावातले एक जुने, कौलारू घर मिळाले. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला की घरमालकीण गरम उंडे (गोल पाव) घ्यायच्या, आणि आमचे हे मात्र पहिले दोन दिवस नऊ-दहापर्यंत गाढ झोपलेले असायचे. जहाजावर पहारा बदलत राहतो, त्यामुळे सलग झोप हीच त्यांची पहिली गरज होती. मी ती मोडली नाही.

संध्याकाळी आम्ही खाजनाच्या, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीच्या, बांधावरून चालायचो. बांधात एके ठिकाणी मानस आहे. ही मानस म्हणजे दगडी बांधकामात बसवलेली लाकडी दारे; ओहोटीला शेतातले पाणी त्या दारांना बाहेर ढकलून नदीत जाते आणि भरती चढू लागली की नदीचेच पाणी दारे दाबून बंद करते, त्यामुळे खारे पाणी आत शिरत नाही. आम्ही पाहत उभे होतो तेव्हा दारांच्या फटीतून पाण्याची धार अजून बाहेर पडत होती. मग ती बारीक झाली, थबकली आणि शेवाळलेल्या फळ्या एकमेकींना टेकल्या. तेथे जाळे लावायला आलेल्या वयस्कर गृहस्थांनी सांगितले, "भरती आयली म्हणटकच दार आपसूक धांपता." इंजिनात झडपा सांभाळणाऱ्या माझ्या यजमानांना ती रचना इतकी आवडली की, दुसऱ्या दिवशीही आम्ही भरतीची वेळ साधून तेथेच गेलो.

सासूबाईंनी निघताना सप्तकोटेश्वराच्या दर्शनाला जाऊन या असे बजावले होते. देवाचे मूळ स्थान याच बेटावरचे. पोर्तुगीज काळात ते देऊळ पाडले गेल्यावर देव नदीपलीकडे डिचोलीच्या हद्दीत नेण्यात आला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला. बेटाच्या दुसऱ्या टोकाच्या फेरीने नार्व्याला जाऊन दर्शन घेतले आणि दुपारच्या जेवणाला परत आलो. आखलेली सहल एवढीच. पिएदादच्या टेकडीवरील चर्चच्या आवारातून नदी आणि जुन्या गोव्याचे मनोरे दिसतात. तेथे मात्र आम्ही पुन्हा पुन्हा गेलो, कारण घरी मुलांसमोर न निघणारे विषय तेथे बसून निघाले.

डिचोली येथून, निवृत्त दांपत्य

मला पक्षी पाहण्याची आवड आहे आणि सौभाग्यवतींना ती बेताचीच आहे. चोडणला राहायला जाताना आम्ही ही गोष्ट गृहीत धरूनच आखणी केली. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. विस्तार अवघा १.७८ चौरस किलोमीटर, आणि तो बहुतेक सगळा खारफुटीचा. रायबंदरहून फेरीने उतरले की ते जवळच लागते. आम्हाला मयेच्या बाजूने रस्त्यानेही येता आले असते, परंतु फेरीने आल्याशिवाय घर मागे राहिल्यासारखे वाटत नाही, म्हणून मुद्दाम वळसा घेतला.

ज्यांना तेथे जायचे असेल त्यांनी हॉटेलाच्या आधी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे. होडी खाडीच्या आतल्या फाट्यांत नेता येते ती भरतीच्या वेळी. चिखलात चरणारे पाणपक्षी दिसतात ते ओहोटीला. ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज सकाळी सातला मिळालेली भरती चार दिवसांनी सातला मिळत नाही. स्थलांतरित पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. आम्ही पहाटेची होडी दोघांनी मिळून घेतली, आणि ओहोटीच्या वेळी मी दुर्बीण घेऊन एकटा गेलो. त्या वेळात सौभाग्यवती अंगणातल्या आंब्याखाली दिवाळी अंक वाचत बसल्या. संसारात एवढी वर्षे झाल्यावर दोघांनी सारखेच काही पाहिले पाहिजे असा आग्रह आम्ही धरत नाही. जेवताना एकमेकांना सांगायला काहीतरी उरते. खारफुटीत चिखलावर उड्या मारणारे मासे आणि एक चिमटा भला मोठा असलेले खेकडे मात्र त्यांनीच मला दाखवले. मी वर पाहत होतो आणि त्या खाली पाहत होत्या.

डासांचे मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे न्यावेत. खारफुटीजवळ सूर्यास्तानंतर त्यांवाचून बाहेर बसता येत नाही.

*(धागा काढणारीकडून एक सूचना : या बेटांभोवतीच्या नदीत आणि खाडीत पोहण्याचा बेत आखू नये. कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, आणि मांडवीचा प्रवाह ओहोटीला वरून दिसतो त्याहून जोरकस असतो.)*

काणकोण येथून

पाळोळ्याच्या उत्तर टोकाला लहानसे काणकोण बेट आहे. पुरती ओहोटी असली की तेथे पायी जाता येते आणि भरती चढण्याआधी परतावे लागते. बाहेरगावच्या नवविवाहितांना मी राहायला आगोंद सुचवतो आणि या बेटासाठी एक सकाळ ठेवायला सांगतो. आगोंद व गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. त्यामुळे तेथे रात्री प्रखर दिवे आणि मोठा आवाज यांवर बंधने असतात. ज्यांना संगीताचा गजर हवा आहे त्यांनी उत्तरेला जावे. ज्यांना काळोखात हात धरून चालायचे आहे त्यांना कासवांचे नियम सोयीचेच पडतात.

फोंडा येथून

आमचे लग्न मे महिन्यात झाले आणि सासरी एकत्र कुटुंब आहे. मधुचंद्राला उन्हाळ्यात कुठे जायचे नाही, असे आम्ही आधीच ठरवले होते. पावसात समुद्रकिनाऱ्यांवरील शॅक (तात्पुरत्या खानावळी) उतरवलेले असतात, जलक्रीडा बंद असतात आणि जून-जुलैमध्ये यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. म्हणून पुष्कळ जण पावसाळा गोव्याचा मोसमच नव्हे असे समजतात. आम्ही जुलैमध्ये मांडवीतल्या एका बेटावर राहिलो, आणि आजही कोणी विचारले तर मी जुलैच सांगते.

याचे पहिले कारण खोल्या मोकळ्या असतात हे. दुसरे कारण शेती. पहिल्या पावसांनी खाजनातले मीठ धुतले गेले की तेथे खारेपणा सोसणारे कोरगुट भात लावतात, आणि जुलैत बेटाची सखल बाजू हिरवीगार झालेली असते. आमच्या खिडकीपासून बांधापर्यंत सगळा हिरवा पट्टा होता, त्यावर पावसाची सर येताना आधी दिसायची आणि मग छपरावर ऐकू यायची. दोन छत्र्या नेल्या होत्या. त्यांतली एकच उघडली जात असे.

अडचणीही सांगते. सुका बाजार आणि औषधे बरोबर न्यावीत. वीज वरचेवर जाते. जोराच्या पावसात फेरी काही वेळ थांबवतात, तेव्हा परतीच्या दिवशी कामावर हजर होण्याचा वायदा कोणाला करू नये. आम्ही एक दिवसाची जादा रजा घेतली होती आणि ती उपयोगी पडली. ताजी मासळी कमी मिळते, पण सुक्या बांगड्याचे किसमूर, कुळथाची पेज आणि तायकिळ्याची भाजी रोज पानात असायची. घरच्या मोठ्यांना काय सांगावे हा प्रश्न मला मैत्रिणींनी विचारला होता. मी सासूबाईंना सरळ सांगितले की, आम्हा दोघांना एकमेकांची ओळख व्हायला थोडा वेळ हवा आहे. त्यांनी डब्यात नेवऱ्या भरून दिल्या आणि तेथे फोन करणार नाही असे सांगितले. तो शब्द त्यांनी पाळलाही.

मडगाव येथून

आम्ही दूर गेलो होतो, अंदमानात स्वराज द्वीपावर. पूर्वी त्याला हॅवलॉक म्हणत. विमान पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमला, उतरते आणि पुढे बोटीने जायचे असते. आपल्याच घड्याळावर तेथे पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि हिवाळ्यात सहा वाजायच्या आत काळोख पडतो. गोव्याच्या सवयीने दुपारी झोपून पाचला समुद्रावर निघालो असतो तर राधानगरच्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यावरचा सूर्यास्त हुकला असता. म्हणून आम्ही घरूनच ठरवून गेलो की तेथे सूर्याबरोबर उठायचे आणि आठच्या आत जेवायचे. हवामान बिघडले तर बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाआधीची एक रात्र श्रीविजयपुरमला ठेवावी, आणि अनेक बेटे एका फेरीत उरकण्याचे जे वेळापत्रक दलाल पुढे करतात त्याला नम्रपणे नकार द्यावा. आमच्याच विमानातले एक जोडपे त्या वेळापत्रकाने फिरले. परतीच्या रांगेत दोघेही उभ्या उभ्या पेंगत होते. लक्षद्वीपचा विचार असेल तर प्रवेश परवाना लागतो, तेव्हा तो हाती आल्यावरच पुढची आखणी करावी.

दिवाडी येथून, पाहुणे ठेवणाऱ्या घरातून

वरचे अनुभव वाचून यजमानाच्या बाजूने लिहावेसे वाटले. आमच्याकडे येणाऱ्या जोडप्यांपैकी जी संतुष्ट होऊन जातात ती येण्यापूर्वी मोकळेपणी बोललेली असतात. शाकाहारी असाल, कांदा-लसूण चालत नसेल, वाढदिवसाची तारीख असेल, जिने चढवत नसतील, तर आदल्या दिवशी नव्हे, खोली राखून ठेवतानाच कळवावे. फेरीपलीकडून सामान आणायचे असते, आणि बेटावरच्या दुकानात सगळे मिळत नाही. फुलांची सजावट हवी असेल तर मोगरा, अबोली किंवा जाई यांपैकी त्या महिन्यात जे फुलत असेल ते मागावे. बाहेरून मागवलेले गुलाब येथे पोहोचेपर्यंत माना टाकतात.

मोटारीने येणाऱ्यांना मी एक विनंती करतो. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर वाहनांची लांब रांग लागते, तेव्हा शक्य असेल तर मोटार पलीकडे ठेवून पायी चढावे. आम्ही स्कूटर घेऊन न्यायला येतो. जेवायला शहरात जाणार असाल तर शेवटची फेरी किती वाजता सुटते हे धक्क्यावर जाताना विचारून घ्यावे. येथे माणसे राहतात, त्यामुळे कोणाच्या अंगणात, स्मशानभूमीत किंवा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना जोडीची छायाचित्रे काढू नयेत. बाकी तुम्ही बांधावर तासन् तास बसलात तरी तुम्हाला कोणी हटकणार नाही.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरांचा, म्हणजे निशाणांचा, उत्सव असतो. निशाणे, चित्ररथ, वाद्ये आणि हजारो माणसे यांनी त्या दिवशी रस्ते भरून जातात. तो पाहायचा असेल तर खोली काही महिने आधी सांगून ठेवा. निवांतपणा हवा असेल तर त्या शनिवारचा आठवडा सोडून या.