'प्रतिरोधक' : कोण कोणाला रोधतं?

प्रश्न : कृत्रिम सांध्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतोय. वाक्य झालं : 'टायटॅनियमचा हा जीवाणूप्रतिरोधक पृष्ठभाग औषधप्रतिरोधक जीवाणूंनाही मारतो.' लिहून माझंच डोकं गरगरलं. एकदा पृष्ठभाग जीवाणूंना रोधतो, एकदा जीवाणू औषधाला. दुसरे शब्द सुचवा.

— जीवाणूंसाठी सरळ 'औषधाला दाद न देणारे'. 'ताप औषधाला दाद देत नाही' असं आपण घरीही म्हणतोच. मेथिसिलिन हे जीवाणूंवरचं औषध १९५९ मध्ये आलं, आणि त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू १९६१ मध्ये इंग्लंडात नोंदलाही गेला.

— 'निर्ढावलेले' कसं वाटतं? आधी औषधाने मरायचे, आता मरत नाहीत, ही गोष्ट त्यात येते.

— येते, पण जीवाणू गुन्हेगार झाल्यासारखा वाटतो. वर्तमानपत्राच्या मथळ्यात शोभेल.

— पृष्ठभागाचं बघा. जीवाणूंना चिकटूच देत नसेल तर 'जीवाणुरोधक', चिकटल्यावर मारत असेल तर 'जीवाणुनाशक'. (समासात णु ऱ्हस्व!) 'प्रतिजैविक' मात्र नको, ते औषध झालं.

— 'नाशक' म्हटलं की मला फिनेल आठवतं. इथे रसायन नाही, पृष्ठभागावरच्या बारीक खांबांचा आकारच मारतो, हीच तर गंमत आहे. २०१२ मध्ये मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी सिकाडा या कीटकाचा पंख तपासला. त्यावर साधारण २०० नॅनोमीटर उंचीचे खांब असतात, आणि त्यावर बसलेला स्यूडोमोनास हा जीवाणू काही मिनिटांत मरतो. पंखावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवला, तरी मरतोच. म्हणजे काम पदार्थाचं नाही, आकाराचं. आणि कृपा करून 'खांब भोसकतात' लिहू नका. त्यांच्या मांडणीनुसार दोन खांबांमधलं जीवाणूचं आवरण ताणलं जाऊन फाटतं. खुंट्यांवर ओलं कापड ताणावं तसं.

— मग सगळेच फाटतात?

— नाही. त्याच पंखावर स्टॅफिलोकॉकस तगला. त्याची पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतालची भिंत, जाड. याला 'दाद न देणारा' म्हणू नका, तो मुळातच निबर.

प्रश्नकर्ता : सुंदर! मग असं : 'टायटॅनियमचा हा काटेरी पृष्ठभाग औषधाला दाद न देणारे काही जीवाणूही मारतो.' 'काही' मूळ लेखात नाही, संपादकांशी बोलावं लागेल. 'नॅनो'साठी 'अब्जांश' वापरू का?

— अर्थ बरोबर आहे, पण वाचक अडखळेल. नॅनोच ठेवा. 'काटेरी'बद्दल मात्र शंका आहे : सांधा बसवलेल्या आजीबाई विचारतील, आतून टोचेल का हो?

— 'लवदार' म्हणा मग.

— लव मऊ असते हो!