आविष्कारची नवी गोष्ट वाचली आणि जुना खोका उघडला : तुमचे मॅजिकचे अनुभव लिहा

ऋतुगंध

काल मुलगी झोपल्यावर अंथरुणातच फोनवर इथरड्रिफ्टची, म्हणजे मॅजिक या कार्डांच्या खेळाच्या नव्या संचाची (सेटची), शर्यतीची गोष्ट वाचायला घेतली. दहा मिनिटं वाचून झोपायचं ठरवलं होतं, एक वाजला. घिरापूर शहर, पिया नालार, तिची मुलगी चंद्रा... आठ वर्षांनी माहेरच्या गल्लीत शिरल्यासारखं झालं.

मग झोप येईना म्हणून माळ्यावरचा बुटांचा खोका काढला. त्यात मॅजिकची जुनी कार्डं आहेत. दोनच बाहेर काढली. एक 'पिया अँड किरण नालार', २०१५ चं. चार मानाचं (माना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती). टेबलावर ठेवलं की दोन थॉप्टर (छोटी उडती यंत्रं) येतात, १/१ ताकदीचे. दुसरं २०१६ च्या कलादेश सेटमधलं, नुसतं 'पिया नालार'. तीन मानाचं. एकच थॉप्टर येतो.

ज्यांनी गोष्ट वाचली नाही त्यांच्यासाठी : चंद्रा अकरा वर्षांची असताना तिच्या बाबांना, किरणला, बराल नावाच्या अधिकाऱ्याने तिच्या डोळ्यांदेखत मारलं. आईही गेली असंच ती धरून चालली होती. कलादेशच्या गोष्टीत ती घरी परतते आणि आई जिवंत भेटते. पण कार्डावर एक थॉप्टर कमी झालेला असतो. त्याबद्दल तिथे एक अक्षर लिहिलेलं नाही.

माझे बाबा २०१४ च्या दिवाळीआधी गेले. मी पुण्यात हॉस्टेलला होते. दोन वर्षांनी रूममेटने ते दुसरं कार्ड माझ्यासमोर टाकलं आणि ती पुढे काहीतरी सांगत राहिली, आता ह्याने ब्लॉक कर, आता त्याने कर, आणि मी त्या एका थॉप्टरकडे बघत बसले. तेव्हा घरी गेलं की आई सकाळी अजून दोन कपांचंच आधण ठेवायची. दुसरा कप माझ्यापुढे सरकवायची. मी चहा पीत नव्हते. तेव्हापासून पिते.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तुमचीही अशी कार्डं असतील, अशी प्रकरणं असतील. लिहा. फक्त शर्यत कोण जिंकतं ते सांगू नका, माझं वाचून व्हायचंय.

चिंचपोकळी_फास्ट

दोन्ही कार्डं माझ्याकडे कधीपासून आहेत. एक थॉप्टर कमी झालाय हे आज पहिल्यांदा दिसलं. लोकलमध्ये उभा आहे, रात्री नीट लिहितो.

मधुमालती

ऋतुगंध, तुझ्या चहाच्या कपाने रडवलंस गं. मी हा खेळ खेळत नाही, माझा मुलगा खेळतो. बारा वर्षांचा आहे. 'चंद्रा' नाव ऐकून मला वाटलं पौराणिक काही असेल. आता त्यालाच विचारते. कुकर झाला, येते.

कृष्णाकाठ

कलादेशची गोष्ट मला समजली ती पाण्यामुळे. आमचा ऊस कॅनॉलच्या शेवटच्या टोकाला. आवर्तन सुटलं की वरच्यांची रानं भिजतात, आणि आमची पाळी येईपर्यंत चारीत चिखल उरतो. वडील रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे. कधी पाणी यायचं, कधी नुसतेच परत यायचे.

गोष्टीत कॉन्स्युलेट, म्हणजे तिथलं सरकार, ठरवतं की इथर, म्हणजे तिथली ऊर्जा, कुणाला किती मिळणार. पिया आणि किरण चोरून इथर पोचवायचे ते ज्यांना मिळत नाही त्यांना. माझे मित्र तेव्हा म्हणत होते की कॉन्स्युलेटचंही बरोबर आहे, नियम नकोत का? मी एकटाच भांडत होतो. नियम पाहिजेतच, पण नियम करणाऱ्याचं रान कॅनॉलच्या तोंडाला असतं हे कुणी बोलत नाही.

वडील आता थकलेत. ठिबक केलं २०१९ ला. तरी आवर्तनाच्या दिवसांत रात्री उठून बसतात.

ऋतुगंध

कृष्णाकाठ दादा, 'दारं धरायला' हा शब्द किती वर्षांनी वाचला. आजोबा म्हणायचे.

कोथरूडची_कैरी

नावाबद्दल कुणीच कसं बोललं नाही अजून? आविष्कार!! नवीन गोष्टीत त्या जगाचं कलादेश हे नावच बदलून आविष्कार झालंय. क्रांतीनंतर लोकांनी स्वतःच ठरवून बदललं.

२०१६ मध्ये मी नवऱ्याला उत्साहाने सांगायला गेले, अरे आपल्याकडच्यासारखं जग काढलंय, कलादेश. तो म्हणाला काळा देश? मी म्हटलं नाही रे, कलेचा देश. रोमन अक्षरांत लिहिलं की काही कळतच नाही. मराठीत निदान ळ आपल्याला वाचवतो. हिंदीवाल्यांनी ते 'काला देश' असंच वाचलं तर त्यांचं काय चुकलं? मला ते तेव्हापासून खुपत होतं. आता आविष्कार म्हणताना तोंड भरून म्हणता येतं. शोधकांच्या जगाला याहून नेमका शब्द कुठला शोधणार!

अनामवीर७२

+१. आणि घिरापूर. आपलं सोलापूर, कोल्हापूर, घिरापूर. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एसटीचा बोर्ड डोळ्यापुढे आला.

कोथरूडची_कैरी

घिरापूर, मार्गे पंढरपूर :)

पावसाळी_ढग

मी फारसं लिहीत नाही. पण यहेन्नीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

यहेन्नी हे कलादेशच्या गोष्टीतलं पात्र, इथरबॉर्न. इथर शुद्ध करताना जे उरतं त्यातून हे लोक जन्माला येतात आणि थोडंच जगतात. कुणी काही महिने, कुणी काही वर्षं. किती दिवस राहिलेत हे त्यांचं त्यांना कळतं. म्हणून ते मेजवान्या देतात, माणसं जमवतात. समोरच्याच्या मनातलं त्यांना जाणवतं.

२०१७ च्या जानेवारीत इथर रिव्होल्ट या कलादेशनंतरच्या सेटची प्रकरणं येत होती, तेव्हा मी आजीच्या उशाशी रात्रपाळीला असायचे. तिला डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आम्हाला सांगितलं होतं. पण तिला कळलं होतं. एका संध्याकाळी म्हणाली, सगळ्यांना बोलाव, पुरणपोळी करा. जानेवारीत पुरणपोळी कशाला म्हणून काकू कुरकुरली, तर म्हणाली, होळीची वाट कोण बघणार.

बावीस माणसं आली. आजीने स्वतः एक घास खाल्ला फक्त. पण प्रत्येकाला जवळ बोलावून हात धरून बघितलं. आत्याच्या हाताला धरून म्हणाली, तुझं काहीतरी बिनसलंय, जावयाशी बोल. खरंच बिनसलं होतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

त्या रात्री मी यहेन्नीचं प्रकरण वाचत होते आणि आजी झोपेत माझं बोट धरून होती, त्यामुळे डाव्या हाताने स्क्रोल करत होते. एवढंच.

मधुमालती

पावसाळी_ढग, तुझ्या आजीला नमस्कार.

चिंचपोकळी_फास्ट

घरी पोचलो. वरचं वाचून माझं फार साधं वाटतंय, तरी लिहितो.

मी आणि माझा मित्र, सख्ख्या भावासारखे. जानेवारी २०१७ ला त्याला कळलं की सहेली राय आणि फेलिडार गार्डियन (एक मांजर) ही दोन कार्डं एकत्र केली की खेळ संपतो. सहेली त्या मांजराची नक्कल करते, ती नक्कल सहेलीला घालवून परत आणते, ती परत नक्कल करते... मांजरांना अंतच नाही. चौथ्या टर्नला समोरचा मेलेला. सलग तीन रविवार त्याने मला असं मारलं. तिसऱ्या रविवारी मी कार्डं टेबलावर आपटून निघून आलो, बोलणंच बंद केलं.

एप्रिलमध्ये फेलिडार गार्डियनवर बंदी आली. त्या रात्री त्याचा मेसेज : 'मांजर गेलं. आता येशील का?' मी लगेच खाली उतरलो. तो बिल्डिंगच्या गेटवर उभाच होता, हातात दोन वडापाव.

आता तो नागपूरला असतो. इथरड्रिफ्टची प्रकरणं आली की आम्ही फोनवर एकमेकांना वाचून दाखवतो. एक परिच्छेद तो, एक मी. बायको हसते, हसू दे.

अनामवीर७२

मांजर गेलं, आता येशील का!!! जबरदस्त मित्र आहे. सांभाळा.

सज्जनगडचा_वारा

गाड्यांबद्दल बोला की कुणीतरी. व्हेइकल, म्हणजे गाडीचं कार्ड, हा प्रकार कलादेशमध्येच पहिल्यांदा आला. गाडी नुसती उभी राहते, माणसं बसली की मगच ती चालते, त्याला क्रू म्हणतात. भावाला मी ते वडापच्या भाषेत समजावलं होतं. सीट भरल्याशिवाय जीप हलत नाही. त्याला एका वाक्यात कळलं. स्मगलर्स कॉप्टर या गाडीला एकच माणूस पुरायचा, म्हणून ते एवढं माजलं होतं, चार महिन्यांत बंदी.

इथरड्रिफ्टमध्ये स्पीड, म्हणजे वेगाचा आकडा, आहे. एकपासून सुरू, आपल्या टर्नमध्ये समोरच्याचं लाइफ कमी झालं की एकाने वाढतो, पण टर्नला एकदाच. चार झाला की मॅक्स. खेळताना खरंच घाटातून गाडी काढल्यासारखं वाटतं, तिसरा गिअर पडला की जीव भांड्यात.

नेहा_दूरदेशी

मी सिॲटलजवळ राहते, ज्या गावातून हा खेळ निघतो त्या रेंटनपासून अर्ध्या तासावर. प्रीरिलीजला, म्हणजे सेट बाजारात यायच्या आधी दुकानात होणाऱ्या खेळाला, जायचं ठरवलंय. कार्डांची सहा पाकिटं मिळतात, तिथल्या तिथे फोडून चाळीस कार्डांचा डेक बांधायचा. इतक्या वर्षांत एकदाही गेले नाही, कारण एकटीने जायचा संकोच. २०१६ ला इथे नवीनच आले होते. भाषा येत होती पण ऐकणारं कुणी नव्हतं. डिपेंडंट व्हिसा, दिवसभर घरात. तेव्हा कलादेशची पहिली प्रकरणं वाचली. चंद्राला घरची आठवण येते आणि ती चिडचिड करते, नीट बोलत नाही कुणाशी. नवरा विचारायचा काय झालं, मी पण असंच करायचे. मग त्याला ते प्रकरण वाचायला दिलं. त्याने वाचलं आणि काही न बोलता भारतीय दुकानातून मेथीची जुडी आणली.

सीता वर्मा नावाचं कार्ड बघितलंत का? मुखवटा घातलेली रेसर. या खेळात सीता नावाचं कार्ड, मी नुसती बघतच राहिले. तिच्यासाठी म्हणून जाणार आहे.

ऋतुगंध

नेहा, जाच. आणि काय निघालं ते इथे येऊन सांग. सीता निघाली तर माझ्यातर्फे तिला हळद-कुंकू.

अनामवीर७२

अवांतर : कार्डांच्या स्लीव्ह (प्लास्टिकची पाकिटं) कुठून घेता सगळे? मी मागवलेल्या दमट हवेत चिकटायला लागल्या. एका दुकानदाराने जुन्या विकल्या वाटतं. रत्नागिरीला राहतो, पावसाळ्यात कार्डं पापडासारखी वळतात.

सज्जनगडचा_वारा

डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. नवीन बुटांच्या खोक्यात असतात त्या. आणि फॉइल (चकाकणारी) कार्डं वेगळी ठेवा, ती जास्त वळतात.

कोथरूडची_कैरी

तांदूळ पण चालतात, फडक्यात बांधून. माझी सासू लोणच्याच्या मसाल्याला करते तसं.

अनामवीर७२

धन्यवाद दोघांनाही. आजच करतो. बायकोला तांदूळ मागितले तर कशाला विचारेल...

मधुमालती

मुलाला विचारलं. त्याने मला पाऊण तास सांगितलं. २०२३ च्या गोष्टीत बऱ्याच प्लेन्सवॉकरांची, म्हणजे जगांमधून फिरू शकणाऱ्यांची, स्पार्क (फिरण्याची शक्ती) गेली, चंद्राच्या प्रिय निस्साची पण गेली, म्हणून चंद्रा या शर्यतीत उतरलीय. बक्षीस इथरस्पार्क आहे, ती जिंकली तर निस्साला परत जगांमधून फिरता येईल. बरोबर ना?

सांगता सांगता मध्येच थांबून म्हणाला, 'आई, तिला स्वतःसाठी नकोय ते.' हे त्याने मला दोनदा सांगितलं, मला कळलं नसेल असं वाटून.

एरवी विचारलं की 'काही नाही' एवढंच उत्तर देणारा मुलगा. पत्ते पत्ते म्हणून मीच त्याला ओरडत होते. आमच्याकडे पत्ते म्हणजे तीन पत्ती, सासरे त्यापायी खूप गमावून बसले होते, त्यामुळे घरात पत्त्याचं नावही काढत नाहीत. त्याला हे मी आज पहिल्यांदा सांगितलं. तो म्हणाला, मग मी याला कार्डं म्हणतो, आजीसमोर पत्ते नाही म्हणणार.

कृष्णाकाठ

गुणी पोरगं आहे तुमचं, मधुमालती ताई.

पावसाळी_ढग

मुलाने अगदी बरोबर सांगितलंय ताई.

ऋतुगंध

आत्ता आईला फोन केला होता. तिला या खेळातलं काही माहीत नाही. म्हटलं, आई, एका गोष्टीत एक बाई आहे, तिचा नवरा गेला, ती तुरुंगात राहून आली, आणि आता शर्यतीच्या गाड्यांची मेकॅनिक झालीय. नवीन सेटमध्ये पियाच्या कार्डावर 'चीफ मेकॅनिक' असंच लिहिलंय. आईने विचारलं, मुलगी बरोबर आहे का तिच्या? म्हटलं आहे. मग म्हणाली, बरं झालं. आणि वर, आपल्या मिक्सरचं भांडं गळतंय, त्या मेकॅनिकला विचार.

शनिवारी जातेय तिच्याकडे, दोन्ही कार्डं घेऊन.

चिंचपोकळी_फास्ट

मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग बदला, वीस-तीस रुपयांत मिळते.

सज्जनगडचा_वारा

भांडं घेऊन जा पण दुकानात, रिंगचे साइझ वेगळे असतात.